‘धारवाड’ या नावाचा भूवैज्ञानिक प्रवास

धारवाड हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर साहित्य-संगीताची एक नगरी उभी राहते. द. रा. बेंद्रे यांची कन्नड कविता या गावात फुलली आणि त्याच बेंद्र्यांनी आपल्या घरच्या मराठीतही लेखन केले. जी. ए. कुलकर्णी यांनी येथील महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत मराठी कथेला एका निराळ्याच प्रदेशात नेले. शेजारच्या हुबळीत गंगूबाई हनगल यांचे घर. राहता राहिला पेढा. त्याची महती वेगळी सांगावयास नको. परंतु कॅनडा, ऑस्ट्रेलिया वा दक्षिण आफ्रिका येथील विद्यापीठांतील एखाद्या भूवैज्ञानिकापुढे हेच नाव घेतले, तर त्याला यांपैकी एकही गोष्ट आठवणार नाही. त्याला आठवतील ते अब्जावधी वर्षांचे खडक. ‘धारवार क्रेटॉन’ ही त्याच्या शास्त्रातील एक नित्याची संज्ञा आहे. क्रेटॉन म्हणजे खंडाचा अतिप्राचीन, पुष्कळ काळापूर्वी स्थिरावलेला गाभा. पृथ्वीवर असे गाभे मोजकेच आहेत आणि त्यांतील एकाला या गावाचे नाव लाभले आहे.

हे नाव लाभले कसे, कोणी दिले, आणि ज्या गावाचे ते नाव आहे त्या गावातील मराठी वाचकापर्यंत ती हकीकत पोहोचण्यास एवढा काळ का लागला, हा इतिहास मनोरंजक आहे आणि काही अंशी खेदजनकही आहे.

या इतिहासाचा आरंभ इंग्रजी अमदानीतील एका शब्दप्रयोगापासून करावा लागतो. पेशवाईच्या अस्तानंतर कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दरम्यानच्या मुलुखाला इंग्रज अधिकारी ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणजे दक्षिण मराठा देश असे म्हणू लागले. या मुलुखातील बहुसंख्य रयतेची भाषा कन्नड होती. ‘मराठा’ हे विशेषण होते ते राज्यकर्त्यांमुळे, पटवर्धनादी जहागीरदारांमुळे. भाषेच्या दृष्टीने हे नाव चुकीचेच, पण ते कागदोपत्री रुळले आणि पुढे आगगाडीलाही चिकटले. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय धारवाडलाच होते. त्याच वास्तूत पुढे कर्नाटक कॉलेज आले. आजच्या संशोधकाला जुने भूवैज्ञानिक साहित्य शोधावयाचे असेल तर हेच अडगळीत गेलेले नाव किल्लीसारखे उपयोगी पडते, म्हणून त्याचा उल्लेख येथे आधी केला.

अलेक्झांडर टर्नबुल ख्रिस्ती नावाच्या मद्रासच्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याने १८२८-२९ मध्ये एडिंबरो येथील एका शास्त्रीय नियतकालिकात या मुलुखाचे हवामान, भूस्तर, शेती, वनस्पती आणि प्राणी यांवर लेखमाला लिहिली. त्या काळी शास्त्रांची वाटणी आजच्यासारखी झालेली नव्हती. पावसाची नोंद करणाराच दगड फोडून पाहत असे आणि पक्ष्यांचीही नोंद करीत असे. त्यानंतर कॅप्टन टॉमस जॉन न्यूबोल्ड आला. मद्रासच्या पलटणीतील हा अधिकारी घोड्यावरून दक्षिण भारत पालथा घालीत होता. त्याने लिहिलेला दक्षिण भारताच्या भूस्तरांचा सारांश रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाला. सर्व्हेचे नकाशे नाहीत, रासायनिक पृथक्करणाची सोय नाही, जीवाश्म नाहीत. अशा स्थितीत त्याने केलेली निरीक्षणे पुढच्या पिढीने आदराने वापरली. १८५० च्या मे महिन्यात तो महाबळेश्वरी मरण पावला. तेव्हा त्याचे वय जेमतेम त्रेचाळीस होते.

मात्र ज्याच्यामुळे धारवाडचे नाव शास्त्रात कायम झाले तो पुरुष म्हणजे रॉबर्ट ब्रूस फूट. त्याचा जन्म १८३४ चा, इंग्लंडातील चेल्टनहॅम येथील. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली निघाली आणि १८५८ मध्ये फूट तिच्यात दाखल होऊन मद्रासकडे गेला. १८६३ च्या मे महिन्यात मद्रासजवळ पल्लावरम येथे त्याला अश्मयुगातील दगडी हत्यार सापडले. भारतीय प्रागैतिहासाचा आरंभ त्या दिवसापासून धरतात, त्यामुळे फूटचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. परंतु तो त्याचा फावल्या वेळचा उद्योग होता. त्याची नोकरी दगडांची होती, हत्यारांची नव्हे.

फूटने दक्षिण मराठा देश व लगतच्या जिल्ह्यांच्या भूस्तरांवर लिहिलेला मोठा निबंध सर्वेक्षणाच्या स्मरणग्रंथांच्या बाराव्या खंडात १८७६ साली प्रसिद्ध झाला. बेळगाव व कलादगीपासून कोल्हापूरकडील घाटमाथ्यापर्यंतचा मुलूख त्यात येतो. मराठी वाचकाने हा ग्रंथ एकदा तरी चाळावा असा आहे. उत्तरेकडून आलेले काळ्या पाषाणाचे, म्हणजे दख्खन ट्रॅपचे थर बेळगावच्या आसपास संपत येतात आणि त्यांच्याखालून निराळेच, फार जुने खडक डोके वर काढतात. महाराष्ट्राच्या भूमीचा काळा पदर जेथे संपतो त्या काठावरचे हे वर्णन आहे. सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याखाली याहून कितीतरी पट जुनी जमीन आहे, हे या काठावर उघड्या डोळ्यांनी दिसते. धारवाड त्या काठाच्या पलीकडचे, म्हणजे दक्षिणेकडचे गाव. त्याच्या परिसरात हिरवट-करडे, पापुद्रे सुटणारे खडक आढळतात. मराठी परिभाषेत अशा खडकांना सुभाजा म्हणतात. त्यांच्याबरोबर पट्ट्यापट्ट्यांचा, लोहयुक्त कठीण दगडही येतो. तो सहसा झिजत नसल्याने डोंगरांच्या धारा त्याच्याच बनलेल्या असतात.

त्या वेळी फूटने हे सर्व खडक पट्टिताश्मांच्या, म्हणजे नाइस खडकांच्या एकाच मोठ्या वर्गात घातले होते. ‘धारवाड’ हे नाव त्या निबंधात शास्त्रीय संज्ञा म्हणून आलेले नाही. ते यावयास आणखी दहा वर्षे जावी लागली, आणि त्याला निमित्त झाले ते सोने.

आजच्या गदग जिल्ह्यात, म्हणजे १९९७ पूर्वीच्या धारवाड जिल्ह्यात, कप्पटगुड्ड नावाची डोंगररांग आहे. तिच्या ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे कण मिळत. जालगार नावाचे लोक पावसाळ्यानंतर लाकडी परातीतून ही वाळू धुऊन सोने काढीत. सोनारांच्या दुकानांतील धूळ धुण्याचेही काम तेच करीत. फूटने १८७४ साली डंबळच्या डोंगरांतील सुवर्णधारी खडकांवर सर्वेक्षणाच्या नियतकालिकात अहवाल लिहिला. सोरटूरकडील ओढ्यांची पाहणी करताना त्याला दिसले की सोने वाटेल त्या दगडातून येत नाही. ठरावीक जातीच्या खडकांचे पट्टे आहेत आणि त्या पट्ट्यांवरून वाहणाऱ्या पाण्यातच ते सापडते. हे ज्ञान जालगारांना पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. कोणत्या ओढ्यावर परात घेऊन जावे आणि कोणत्या नाही, हे त्यांना कोणी शास्त्रज्ञाने शिकवलेले नव्हते. फूटने त्या अनुभवाला खडकांची नावे दिली, असे म्हटले तर त्याच्या योग्यतेला काही उणेपणा येत नाही.

पुढे बळ्ळारी भागात काम करीत असताना त्याला निर्णायक पुरावा दिसला. हे सुभाजांचे पट्टे पट्टिताश्मांचा भाग नाहीत. ते त्यांच्यावर निराळ्या काळी साचलेले, मग घडी पडून लांबट पट्ट्यांच्या रूपाने शिल्लक राहिलेले आहेत, असे त्याचे मत झाले. बळ्ळारीजवळच घोरपड्यांच्या संडूर संस्थानातील लोहमय डोंगर आहेत; तेही याच वर्गात आले. या सर्व पट्ट्यांना मिळून एक नाव हवे होते. ते त्याने घेतले धारवाडचे. १८८८ व १८८९ मध्ये त्याचा लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच सांगून टाकलेले होते, की धारवाड संघ ही दक्षिण भारतातील प्रमुख सुवर्णधारी खडकांची माला आहे.

शीर्षकातील ‘सुवर्णधारी’ हा शब्द दुर्लक्षून चालणार नाही. १८८० पासून कोलारला आधुनिक पद्धतीची खाण सुरू झालेली होती आणि लंडनच्या बाजारात दक्षिण भारतातील सोन्याविषयी मोठी हवा होती. ‘धारवाड’ हे नाव इतक्या झपाट्याने जगभर गेले ते निव्वळ शास्त्राच्या बळावर नव्हे. त्याच्या पाठीशी भागभांडवल होते. विसाव्या शतकाच्या आरंभी कप्पटगुड्डातही कंपन्या आल्या, विहिरी खणल्या गेल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतेकांनी गाशा गुंडाळला. या डोंगररांगेचा काही भाग ज्या शिरहट्टी तालुक्यात येतो तो तालुका त्या वेळी सांगली संस्थानात होता. गदगच्या सुवर्णक्षेत्रातील एका जुन्या खाणीचे नाव ‘सांगली’ असेच भूविज्ञानाच्या लिखाणात आजही आढळते. गणपतीसाठी आणि हळदीसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगलीच्या नावाने सोन्याचीही खाण होती, ही गोष्ट सांगलीकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

फूट १८९१ मध्ये निवृत्त झाला आणि सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात भूवैज्ञानिक म्हणून गेला. बडोदे राज्याच्या भूस्तरांवरील त्याचा ग्रंथ १८९८ साली निघाला. म्हैसूर संस्थानाच्या भूविज्ञान खात्याची १८९४ मध्ये झालेली उभारणीही त्याच्याच हाताखाली झाली. १९१२ च्या डिसेंबरात कलकत्त्यास त्याचे निधन झाले.

पण त्याने दिलेले नाव त्याच्या हाती राहिले नाही. ते इतके सोयीचे ठरले की छोटा नागपूरपासून अरवलीपर्यंत जेथे जेथे जुनी सुभाजा दिसली तेथे तेथे तिला ‘धारवाड’ म्हणण्याची रीत पडली. भंडारा-नागपूरकडील मँगनीजचे खडक धारवाड, रेडीचे लोखंड धारवाड, गोव्याचे लोखंडही धारवाड. यांपैकी गोव्याचे नाते आजही शास्त्रमान्य आहे. तेथील खडकांचा गट धारवाड महासंघाचाच भाग गणला जातो. नागपूरकडील खडकांना मात्र पुढे स्वतंत्र नाव मिळाले. महाराष्ट्रातील शालेय भूगोलाच्या जुन्या पुस्तकांतून ‘धारवाडी खडक’ हे शब्द घोकलेले अनेक जण आहेत. त्यांना या शब्दांचा त्या गावाशी काही संबंध असेल असे सहसा वाटले नाही. पाठ्यपुस्तकातील धारवाड निराळे आणि पेढ्यांचे धारवाड निराळे, असेच ते समजत राहिले.

याच सुमारास एक मोठा वाद पेटला. फूटच्या मते पट्टिताश्म आधीचे आणि धारवाड संघ नंतरचा. म्हैसूरच्या खात्यात त्याच्यानंतर आलेल्या स्मीथ यांनी हे चित्र उलटे केले. पट्टिताश्मांचे फाटे सुभाजांत शिरलेले दिसतात. म्हणजे सुभाजा आधी आणि पट्टिताश्म नंतर, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय यांतील बहुतेक खडक गाळाचे नसून मुळात अग्निजच आहेत, असेही ते म्हणत. हा वाद काही केवळ साहेबांचा नव्हता. बी. रामराव, सी. एस. पिचमुत्तू, पुढे बी. पी. राधाकृष्ण अशा म्हैसूरकडील भूवैज्ञानिकांनी डोंगर पायाखाली घालून तो पुढे नेला. रामराव यांनी गाळाच्या खडकांना त्यांचे स्थान पुन्हा मिळवून दिले. राधाकृष्ण यांच्या पुढाकाराने १९५८ साली जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचे नियतकालिक या चर्चेचे व्यासपीठ बनले. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून खडकांचे वय काढता येऊ लागले तेव्हा उलगडा झाला तो असा : दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. सुभाजा एका काळातल्या नव्हत्याच. काही सुभाजा फार जुन्या, त्यांना आता सारगूर गट म्हणतात. मग पट्टिताश्म, सुमारे ३४० ते ३०० कोटी वर्षांपूर्वीचे. आणि त्यांच्यावर, मध्ये झिजेचा मोठा खंड पडल्यानंतर साचलेला खरा धारवाड महासंघ, साधारणपणे २९० ते २५५ कोटी वर्षांपूर्वीचा. बाबाबुडन डोंगरांत तळच्या पट्टिताश्मांवर गोट्यागोट्यांचा पिंडाश्म विसावलेला दिसतो. एकेकाळी वाहत्या पाण्याने घासून गुळगुळीत केलेले ते गोटे आहेत. सुमारे शंभर वर्षांच्या वादाचा निकाल १९८० च्या आसपास लागला.

हे सगळे घडत असताना या भागातील मराठी वाचक काय वाचीत होता? १९५६ च्या नोव्हेंबरात राज्य पुनर्रचना होईपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि येथील मराठी ग्रंथालयांत पुण्या-मुंबईची पुस्तके नियमाने येत. शास्त्रविषयक वाचनाची भूक नव्हती असे नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे ‘ज्योतिर्विलास’ घरोघर वाचले गेले. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ चा, आणि तो आजही प्रमाण मानतात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी शास्त्रीय विषयांवर मराठीत पुष्कळ लिहिले. १९२८ पासून पुण्याहून ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघू लागले. पुढे जयंत नारळीकरांनी खगोलशास्त्राला मराठीत अफाट वाचकवर्ग मिळवून दिला. मराठी माणसाचे आकाशाशी नाते पंचांगामुळे मुळातच होते. ग्रहगोलांची पुस्तके त्याला परकी वाटली नाहीत. जमिनीच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. शनीला कडी आहेत हे ठाऊक असलेल्या वाचकाला आपल्या गावची टेकडी कशाची बनली आहे हे ठाऊक नसे. भूविज्ञान हे सरकारी कामाचे शास्त्र राहिले. खाण, धरण आणि रेल्वे यांपुरते ते इंग्रजीत चाले आणि त्याचे ग्रंथ कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या ग्रंथालयांत कुलपात असत. फूटचा निबंध धारवाडातल्या सामान्य सभासदाने मागावा आणि तो मिळावा, ही शक्यताच नव्हती.

मराठीत ही कोंडी फोडण्याचा खरा प्रयत्न कोशकारांनी केला. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड निघाले आणि गावोगावच्या ग्रंथालयांनी ते वर्गणी भरून घेतले. त्याहून पद्धतशीर काम झाले ते मराठी विश्वकोशात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील क. वा. केळकर यांच्यासारख्या जाणत्या अध्यापकांनी त्यात भूविज्ञानाच्या नोंदी लिहिल्या. सुभाजा, पट्टिताश्म, पिंडाश्म या शब्दांना मराठीत जे स्थैर्य आले ते या कोशाने दिले. हे शब्द कृत्रिम आहेत अशी तक्रार अनेक जण करतात. परंतु सहज भाजले, म्हणजे विभागले जाणारे ते सुभाजा, ही घडण एकदा समजली की खडकाचा स्वभाव विसरता येत नाही. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ तरी इंग्रजी वाचकाला कोठे आपोआप कळतो!

आणि मग आंतरजाल आले. या घटनेविषयी वाङ्मयीन वर्तुळात जो एक नाक मुरडण्याचा सूर असतो, तो या विषयापुरता तरी बाजूला ठेवावा लागतो. फूटचा १८७६ चा निबंध, सर्वेक्षणाच्या नियतकालिकातील १८७४ आणि १८८८-८९ चे लेख, ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या सार्वजनिक संग्रहांत आज पानन्‌पान पाहावयास मिळतात, तेही फुकट. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ सालचा धारवाड खंडही तेथे आहे. मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश हे दोन्हीही आंतरजालावर आले. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ साली सुरू झाले आणि उपग्रहातून दिसणारी आपली जमीन कोणालाही पाहता येऊ लागली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आपले नकाशे व अहवाल ‘भूकोश’ या दालनात खुले केले. ज्या कागदांसाठी पूर्वी शिफारसपत्र घेऊन कलकत्त्यास जावे लागले असते, ते आता हुबळीतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खिशातल्या यंत्रावर उघडतात.

‘भुवन’वरील चित्रांत कप्पटगुड्डाची रांग आणि तिच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीचा सपाट पट्टा एका नजरेत येतो. शेजारी फूटचे वर्णन उघडून ठेवावे. बैलगाडी आणि तंबू एवढ्या साधनांवर एका माणसाने पट्ट्यांच्या ज्या दिशा सांगितल्या, त्या शेकडो मैलांच्या उंचीवरूनही तशाच दिसतात. असा ताळा पाहण्याचा आनंद ग्रंथवाचनाच्या आनंदाहून निराळ्या जातीचा नाही.

मात्र हे भांडार उघडे असले तरी त्यात वाट सापडणे सोपे नाही, आणि अडचण बहुतांशी नावांचीच आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले, बेळगावचे बेळगावी झाले. नव्या नावांनी शोध घेणाऱ्याच्या हाती एकोणिसाव्या शतकातील एकही कागद लागत नाही. धारवाडच्या नावातील शेवटच्या ‘ड’साठी इंग्रजीत पूर्वी ‘आर’ लिहीत. शहराने तो केव्हाच टाकून दिला, शास्त्राने मात्र अजून जपला आहे, कारण खडकांच्या संघाला एकदा दिलेले नाव सहसा बदलत नाहीत. कप्पटगुड्ड, डंबळ, सोरटूर ही नावे जुन्या इंग्रजांनी कानाला वाटतील तशी लिहिली. त्यात पुन्हा जीर्ण पाने यंत्राने वाचताना अक्षरे बदलतात. जुना मुलूख ‘दक्षिण मराठा’ या नावाने नोंदलेला आहे, हे ज्याला माहीत नाही त्याच्यापुढे अर्धा खजिना बंदच राहतो. येथे ग्रंथपालाचे जुनेच काम नव्या रूपाने उभे आहे. मराठी, कन्नड आणि जुनी इंग्रजी अशी गावांच्या नावांची साधी सूची जर एखाद्या वाचनालयाने करून भिंतीवर लावली, तर तिचा उपयोग मोठमोठ्या व्याख्यानमालांपेक्षा अधिक होईल. हुबळी-धारवाडच्या मराठी वाचकाला कन्नड ऐकून-बोलून येते. त्यामुळे हे काम मुंबई-पुण्यापेक्षा येथेच चांगले होऊ शकते.

दुसरी अडचण मजकुराच्या वयाची. आंतरजालावर १८८८ चा लेख आणि कालचा लेख एकाच शुभ्रतेने झळकतात. ग्रंथालयातले जुने पुस्तक पिवळ्या पानांवरून आपले वय सांगते. पडद्यावरचे पान सांगत नाही. फूटचे मत वाचून तेच अखेरचे समजणारा वाचक किंवा स्मीथ यांचे खंडन वाचून फूटला मोडीत काढणारा वाचक, दोघेही सारखेच फसतील.

आता आकाशाकडे वळता येते, कारण पृथ्वी आणि ग्रह यांचे शास्त्र आज एकच झाले आहे. धारवाडच्या खडकांना जगात महत्त्व आहे ते सोन्यापेक्षाही त्यांच्या वयामुळे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. तिच्या तरुणपणाचे पुरावे बहुतेक नष्ट झाले, कारण वारा, पाणी आणि भूपट्टांची हालचाल जुने कवच सतत मोडीत काढतात. धारवाडचा गाभा त्यातून वाचलेल्या थोड्या तुकड्यांपैकी एक आहे. त्यातले पट्टेदार लोहदगड साचले तेव्हा हवेत आजच्यासारखा प्राणवायू नव्हता, समुद्राच्या पाण्यात लोह विरघळून राहत असे. चित्रदुर्ग-शिवमोग्गा भागातील चुनखडकांत सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेल्या आकृती सापडतात. त्या काळी जीवसृष्टी एवढीच होती. चंद्रावर मात्र काही झिजत नाही. त्याच्या काळ्या मैदानांतील बहुतेक लाव्हा धारवाड संघापेक्षाही जुना असून अजून जसाच्या तसा आहे.

चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ अवतरक २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले. ‘प्रज्ञान’ या छोट्या गाडीने एकशे तीन मीटरांच्या वाटचालीत तेवीस ठिकाणी मातीची तपासणी केली. ती माती अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट खडकाच्या जातीची निघाली आणि चंद्र आरंभी वितळलेल्या खडकाचा एक समुद्र होता या कल्पनेला दुजोरा मिळाला. हा निष्कर्ष २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यात इस्रोने मोहिमेची मूळ आकडेवारीही सर्वांसाठी खुली केली. या मोहिमेच्या पूर्वतयारीत चंद्रासारखी माती हवी होती. ती तमिळनाडूत सेलमच्या दक्षिणेस सित्तम्पुंडी येथील अतिप्राचीन खडक दळून तयार केली गेली. सेलमजवळच्याच येरकाड डोंगरावर ब्रूस फूटचे उतारवयातील घर होते. महाराष्ट्रातही असा दुवा आहे : बेसाल्टच्या पठारावर उल्कापाताने झालेले लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. चंद्राची काळी मैदाने आणि मंगळाची भूमी बव्हंशी बेसाल्टची असल्यामुळे तेथील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात. १९७३ साली ते आघाताचेच विवर असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला, तोपर्यंत ज्वालामुखीचे मुख म्हणूनही त्याची गणना होत असे.

राहिला कप्पटगुड्ड. खाणींचे प्रस्ताव आणि त्यांना स्थानिकांचा विरोध यांत अनेक वर्षे गेल्यावर २०१९ साली ही डोंगररांग वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाली. औषधी वनस्पतींसाठी ती या भागात पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. फूट, न्यूबोल्ड, स्मीथ यांची चरित्रे, त्यांचे लेख, त्यांचे नकाशे आज घरबसल्या मिळतात. परंतु ज्यांच्या परातींच्या मागोमाग फूट सोरटूरच्या ओढ्यावर गेला, त्या जालगारांविषयी जातीच्या नावापलीकडे या छापील परंपरेत फारच थोडे उतरले. त्यांची ओढ्यांची नावे, वाळू ओळखण्याच्या खुणा, परात फिरवण्याची रीत यांची नोंद व्हावयाची असेल तर ती गदग-मुंडरगीकडील वृद्धांच्या तोंडून, कन्नडमध्ये, आणि लवकर करावी लागेल.